गळापासून उलटी सुरुवात : रामगंगेतल्या महाशीरसाठी फ्लाय फिशिंगच्या सामानाची निवड

हे प्रकरण माझ्या भाच्याचे आहे. तो नागपुरात राहतो, मिहानमध्ये नोकरी करतो आणि शाळेत असल्यापासून तलावांवर गरी टाकून मरळ धरण्याचा त्याला नाद आहे. गेल्या ऑक्टोबरात तो उत्तराखंडातील रामगंगेवर सोनेरी महाशीरसाठी गेला. चार दिवसांत त्याला एकच चांगला मासा लागला आणि तोही सुटला. मार्चअखेरीस पुन्हा जायचे ठरले, तेव्हा सामान नव्याने निवडण्याचे काम आम्ही दोघांनी मिळून हाती घेतले. मधल्या पाच महिन्यांत आम्ही काय मोजले, काय विकत घेतले, काय घेण्याचे टाळले आणि नदीवर गेल्यावर त्यातले काय खरे ठरले, ते येथे सविस्तर मांडतो आहे. विदर्भातून हिमालयात गळ घेऊन जाणारी तरुण मंडळी मला अलीकडे भेटतात आणि जवळपास प्रत्येकाची खरेदी काठीपासून सुरू होते. महाशीरसाठी ती गळापासून सुरू व्हावी, मग लीडर (गळाला बांधायचा शेवटचा बारीक दोर), मग लाइन (त्यामागचा जाड, वजनदार दोर) आणि ती गुंडाळायचे रील ठरावेत आणि काठी सर्वांत शेवटी यावी, असे माझे ठाम मत या प्रकरणातून झाले आहे.

मासा आणि नदी

सोनेरी महाशीर, शास्त्रीय नावाने टॉर पुटिटोरा, हा हिमालयाच्या पायथ्याकडच्या नद्यांचा मासा. आपल्याकडे सह्याद्रीतल्या नद्यांत ज्याला खडस म्हणतात आणि महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत ज्याला देवीचा मासा म्हणून कोणी हात लावत नाही, तो याचाच भाऊबंद. कूळ एक, जात वेगळी. सोनेरी महाशीर उत्तराखंडाचा राज्यमासा आहे आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या, नदीपात्रातली वाळू आणि गोटे उपसले गेले, डोहांत स्फोटके टाकून मासे मारले गेले. अशा माशावर गळ टाकायचा तर परवाना हातात असला पाहिजे, गळ एकेरी आणि बिनकाट्याचा, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा नसलेला, असला पाहिजे आणि मासा जिवंत परत गेला पाहिजे. ही अट नदीवर पोचल्यावर आठवून चालत नाही, कारण ती सामानातच पाळली किंवा मोडली जाते. हलक्या सामानावर मोठा मासा अर्धा तास ओढत राहिला, तर तो इतका थकतो की सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी तो जगेल याची खात्री देता येत नाही. म्हणून मासा लवकर जवळ आणता येईल असे सामान घेणे ही सोयीची बाब नसून त्या माशाच्या जिवाची बाब आहे, हे मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितले.

रामगंगा गढवालातल्या दूधातोलीच्या डोंगरांत उगम पावते. गंगेसारखे किंवा महाकालीसारखे तिला बर्फाचे पाणी नाही. ती पाऊस आणि झरे यांवर चालते. त्यामुळे उन्हाळा चढू लागल्यावर बर्फ वितळून मोठ्या नद्या थंड आणि गढूळ होतात, तेव्हाही रामगंगेचे पाणी बहुधा नितळ राहते. पावसाळ्यात महाशीर अंडी घालण्यासाठी वरच्या अंगाला, पार लहान उपनद्यांपर्यंत चढतो आणि पूर ओसरताना खालच्या डोहांत परततो. कालागढच्या धरणामागच्या जलाशयातले मासेही असेच नदीत वर येतात. मासेमारीचे दोन हंगाम यातूनच पडले आहेत : पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंतचे दिवस.

सामानाच्या दृष्टीने माशाच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली त्याच्या तोंडाची. महाशीरच्या जबड्यात दात नसतात. ओठ जाड, मांसल आणि रबरासारखे चिवट असतात, आणि दात असतात ते घशात. खेकडे, गोगलगायी, बारीक मासे, किडे, शेवाळ, इतकेच काय, काठावरच्या झाडांची पाण्यात पडलेली फळेही तो खातो आणि ते सारे या घशातल्या दातांनी भरडतो. बारीक तारेचा गळ त्या भरडण्यात सापडला की वाकलाच म्हणून समजावे. दुसरी गोष्ट त्याच्या पहिल्या धावेची. गळ लागल्याचे कळताच तो प्रवाहाच्या दिशेने खाली पळतो, आणि वेगवान धारेत त्याच्या ताकदीला पाण्याचा रेटा मिळतो. मरळ झाडोऱ्यात शिरते, तिला दोन हातांत रोखावे लागते. महाशीरला त्या पहिल्या धावेत रोखायचेच नसते. पळू द्यायचे असते, पण फुकट पळू द्यायचे नसते.

ऑक्टोबरात काय झाले

भाच्याने एका ऑनलाइन दुकानातून तयार संच मागवला होता : 6 नंबरची काठी, प्लॅस्टिकच्या अंगाचे रील, त्यावर आधीच चढवलेली लाइन, 10 पौंडी (तेवढा ताण सोसणारा) लीडर आणि डबीभर फ्लाय, म्हणजे पिसे-केस बांधून किडा किंवा बारीक मासा भासावा असे केलेले गळ. संचाच्या वर्णनात तो महाशीरसाठी योग्य असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात तो थंड ओढ्यांतल्या ट्राउटसाठीचा संच होता आणि त्यातल्या बहुतेक फ्लाय 8 नंबरच्या बारीक तारेच्या गळावर बांधलेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मार्चुला गावाच्या वरच्या अंगाला, डोह संपून पाणी उथळ होत धारेला लागते त्या जागी त्याने फ्लाय आडवी सोडली आणि मासा लागला. त्याने सांगितलेले जसेच्या तसे लिहितो : आधी गोट्यात अडकल्यासारखे वाटले, मग गोटा चालू लागला. रीलचा ब्रेक त्याने घाबरून आवळला, तर तो झटक्याझटक्याने सुटू लागला, आणि चाळीसेक मीटर गेल्यावर हाताला एकदम काहीच लागेना. लाइन गुंडाळून घेतली तेव्हा लीडर शाबूत होता, गाठ शाबूत होती, फ्लायची पिसेसुद्धा जागच्या जागी होती. फक्त गळाचा वाक उलगडून तो दाभणासारखा सरळ झाला होता. तो गळ त्याने काडेपेटीत ठेवला आणि दिवाळीत माझ्या घरी आला तेव्हा टेबलावर काढून ठेवला.

"मामा, काठी तुटली नाही, दोर तुटला नाही, मग मासा गेला कसा?"

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यायचे नाही, मोजून द्यायचे, असे आम्ही ठरवले.

गच्चीवरचे मोजमाप

प्रवासाच्या बॅगा मोजायचा, हुक असलेला डिजिटल काटा आता बऱ्याच घरांत असतो. वस्तू घट्ट आवळून धरायचा बेंच व्हाइस माझ्याकडे होता. व्हाइसमध्ये गळाचे टोक लाकडी तुकड्यांत धरून त्याच्या डोळ्यात (दोर बांधायच्या छिद्रात) बांधलेली तार काट्याने ओढली. 8 नंबरचा बारीक गळ अडीच किलोला उघडू लागला आणि तीन किलो पार करताच सरळ झाला. त्याच संचातला 10 पौंडी, म्हणजे साडेचार किलोचा लीडर गाठीपाशी तुटला, पण चार किलोच्या पुढे जाऊन. याचा अर्थ, संपूर्ण साखळीत सर्वांत कच्चा दुवा गळ होता, आणि माणूस ज्याला धरून बसतो तो ब्रेक मात्र त्याहून जास्त ताण देऊ शकत होता.

यावरून पुढचे गणित सुचले. साखळीत सर्वांत कच्चा दुवा लीडर असावा, कारण तो तुटला तर मासा निदान एका लहान, बिनकाट्याच्या गळासह मोकळा होतो आणि आपली महागडी लाइन हाती राहते. गळ लीडरपेक्षा बळकट असावा. आणि रीलचा ब्रेक लीडरच्या ताकदीच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावा. हे शेवटचे प्रमाण कंजूषपणाचे वाटते, पण त्याला कारण आहे. रीलचा ब्रेक चाकाला ठरावीक जोराने धरतो. दोर जसजसा उलगडतो तसतशी चाकावरच्या वेटोळ्यांची जाडी कमी होते, आणि त्रिज्या निम्मी झाली तर माशाला लागणारा ताण दुप्पट होतो. त्यात प्रवाहाने पोट फुगवलेल्या लाइनचे ओझे आणि काठीच्या कड्यांमधले घर्षण मिळवा. सुरुवातीला 2 किलोवर लावलेला ब्रेक शंभर मीटर पलीकडे 4 किलोंहून अधिक भरू शकतो.

महाशीरसाठी आम्ही 20 पौंडी, म्हणजे सुमारे 9 किलोचा लीडर धरला आणि त्याला टिकेल असा गळ शोधायला बसलो. समुद्रात वापरतात तसे जाड तारेचे, 2 नंबरचे आणि 1/0 नंबरचे गळ मागवले. (गळाच्या नंबरांत नवशिक्याची गफलत होते : 8 हा 2 पेक्षा लहान, पण 1 च्या पलीकडे 1/0, 2/0 असे जाताना आकार वाढत जातो.) 1/0 गळाने 9 किलोला काही हालचाल केली नाही, लीडरच तुटला. 2 नंबरचा गळ आठ किलोंच्या पुढे केसभर उघडला, पण धरून राहिला. दोन्ही पत्करले. पकडीने प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केला आणि जुन्या पायमोज्यात टोचून पाहिला. काटा पूर्ण दबला असेल तर गळ धागा न ओढता बाहेर येतो.

याच गच्चीवर आणखी एक मोजमाप झाले आणि माझ्या मते साऱ्या खटाटोपात ते सर्वांत उपयोगी ठरले. वजनकाट्याचा हुक कठड्याला अडकवून भाच्याला काठीने ओढायला सांगितले. त्याने सवयीप्रमाणे काठी उभी धरली, काठी कमानीसारखी वाकली, तो घामाघूम झाला, आणि काटा 900 ग्रॅम दाखवत होता. मग काठी खाली आणून, टोक दोराच्या दिशेने झुकवून, मुठीजवळच्या जाड भागाने बाजूला ओढायला सांगितले. काटा 2 किलोंच्या पुढे गेला. उभी काठी छायाचित्रात शोभते, पण तिच्यावर माशाला फारसा ताण बसत नाही. मासा तासभर हिंडत राहतो आणि दोष सामानाला जातो.

लीडर

तयार निमुळते लीडर मिळतात, पण जड फ्लाय उलटवून टाकण्यासाठी आम्ही तीन तुकड्यांचा लीडर घरीच बांधला : 40 पौंडी चार फूट, 30 पौंडी तीन फूट आणि 20 पौंडी अडीच फूट. शेवटचा तुकडा फ्लुओरोकार्बनचा घेतला. तो नायलॉनपेक्षा जड असल्याने पाण्यात लवकर बुडतो आणि खडकावर घासला जाण्याला जास्त दाद देत नाही. तुकडे एकमेकांना ब्लड नॉट या गाठीने जोडले आणि फ्लाय न सरकणाऱ्या फाशाने बांधली, म्हणजे ती पाण्यात मोकळी डुलते. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची, हे भाच्याला मरळीच्या गरीमुळे ठाऊक होते. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच दोर कमकुवत होतो.

लाइन आणि इतवारीतला तराजू

फ्लाय फिशिंगचे सारे मर्म लाइनमध्ये आहे. स्पिनिंगमध्ये आमिषाचे वजन दोर ओढत नेते. इथे फ्लायला वजन जवळपास नसते आणि लाइनचे वजनच तिला घेऊन जाते. लाइनचे नंबर या वजनावरून ठरतात. अमेरिकेतल्या उत्पादकांनी ठरवलेल्या प्रमाणानुसार लाइनच्या पहिल्या 30 फुटांचे वजन मोजतात : 6 नंबर म्हणजे 160 ग्रेन, साधारण 10.4 ग्रॅम, 8 नंबर म्हणजे 210 ग्रेन, 13.6 ग्रॅम, 9 नंबर म्हणजे 240 ग्रेन, 15.6 ग्रॅम. भाच्याच्या 6 नंबरच्या लाइनला धातूचे डोळे लावलेली, 1/0 गळावरची फ्लाय झेपणार नव्हती, हे या आकड्यांवरूनच उघड होते. वाऱ्याच्या झुळकीबरोबर अशी फ्लाय मागे लटकते आणि पुढे येताना टाकणाऱ्याच्या कानाजवळून जाते. गळ जाड ठरला म्हणून फ्लाय जड झाली, फ्लाय जड झाली म्हणून लाइन जड लागली, आणि लाइन 8 नंबरची ठरली म्हणून काठी 8 नंबरची आली. निवडीचा उलटा क्रम म्हणतो तो हा.

मात्र वेष्टनावरच्या नंबरावर डोळे मिटून विसंबू नये. अलीकडच्या काठ्या ताठ असतात आणि त्या वाकाव्यात म्हणून अनेक लाइन प्रमाणापेक्षा अर्धा किंवा एक नंबर जड बनवलेल्या असतात. आम्ही घेतलेल्या तरंगत्या लाइनचे पहिले 30 फूट मोजून, तिथे दोऱ्याची खूण बांधून, ती इतवारीच्या सराफ्यातल्या एका ओळखीच्या पेढीवर नेली. त्या गृहस्थांनी काही न विचारता ती वेटोळी सोन्याच्या साखळीसारखी अलगद ताटलीत ठेवली, खुणेपलीकडची लाइन हातात तोलून धरली आणि आकडा सांगितला : 15.1 ग्रॅम. म्हणजे वेष्टनावर 8 आणि तराजूवर जवळपास 9. आम्हांला ती चालणार होती, कारण फ्लाय जड होती. पण हे माहीत नसते तर जड फ्लायसाठी म्हणून लाइन आणि काठी दोन्ही एक नंबर वरची घेऊन सगळेच गरजेपेक्षा अवजड झाले असते.

नागपुरात लाइन घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाइनचा गाभा आणि त्यावरचे आवरण ठरावीक तापमानासाठी बनवलेले असते. थंड पाण्यासाठीची लाइन आपल्या उन्हात लुळी आणि चिकट पडते. उष्ण कटिबंधासाठीची लाइन थंड पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी धरते. मार्चच्या सुरुवातीलाच आपल्याकडे दुपारी अंग भाजते. भाच्याने भर दुपारी गच्चीवर लाइन टाकून पाहिली, ती कड्यांना चिकटू लागली, आणि त्याने ती परत करायचे ठरवले. मी थांबवले. तीच लाइन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला रेशीमबागेच्या मैदानावर सरसर गेली. जिथे वापरायची तिथल्या हवामानाने तिची परीक्षा करावी, आपल्या गच्चीच्या नव्हे. आणि कोणतीही लाइन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

दुसरी लाइन बुडत्या टोकाची घेतली : पुढचे काही फूट बुडणारे आणि बाकीची तरंगती. ती घ्यावी की नाही यावर मी बराच काळ नाही म्हणत होतो. रामगंगेचे डोह गंगेच्या मानाने लहान आहेत, नितळ पाण्यात तरंगती लाइन आणि जड फ्लाय पुरेल, असे माझे म्हणणे होते. भाच्याने हट्ट धरला आणि जास्तीच्या चाकासकट ती घेतली.

रील आणि काठी

पहिल्या खेपेचे रील पाण्यात बुडून निघाले की त्याच्या ब्रेकमध्ये वाळूचे कण शिरत आणि तो धक्के देत सुटे. धक्क्याच्या त्या क्षणी ताण एकदम चढतो आणि तिथेच गळ उघडतो किंवा गाठ तुटते. नव्या रीलकडून आमच्या अपेक्षा दोनच होत्या : ब्रेक बंदिस्त असावा आणि सुटताना झटका न देता सुटावा. दुकानात रील हातात घेऊन दोराचे टोक हळू ओढायचे. चाक फिरायला लागताना लागणारा जोर आणि फिरत असतानाचा जोर यांत फरक जाणवला तर ते रील ठेवून द्यायचे. चाकाचा गाभा मोठा असलेले रील घेतले, त्यामुळे दोर संपत आला तरी त्रिज्या फार घटत नाही. त्यावर लाइनच्या मागे 30 पौंडी बॅकिंग, म्हणजे लाइन संपल्यावर कामी येणारा राखीव दोर, 180 मीटर भरले. ब्रेक त्याच बॅगेच्या काट्याने 2 किलोवर लावला आणि त्या जागी नखरंगाचा ठिपका दिला.

काठी 9 फुटी, 8 नंबरची, चार तुकड्यांची, मध्यम-ताठ घेतली. चार तुकड्यांची काठी जेमतेम पाऊण मीटरच्या नळीत मावते आणि दिल्लीच्या गाडीत बर्थखाली जाते. 10 नंबरची काठी दिवसभर झुलवली तर दुपारपर्यंत खांदा उतरतो आणि थकलेल्या हाताने टाकलेली फ्लाय माशाच्या डोक्यावर आपटते. गंगा किंवा महाकालीच्या रुंद पात्रासाठी बारा-तेरा फुटी, दोन हातांची काठी योग्य ठरते. रामगंगेला तिची गरज नाही. चाळीस हजारांच्या आमच्या अंदाजपत्रकात काठीचा वाटा चौदा हजार राहिला. भाच्याचा पहिला विचार पंचवीस हजारांची काठी घेऊन उरलेल्यात बाकीचे भागवण्याचा होता.

फ्लाय

फ्लाय घरी बांधल्या. क्लाउझर मिनो हा प्रकार मुख्य ठेवला : गळाच्या डोळ्याजवळ धातूचे दोन मणी असल्याने ती पाण्यात डोके खाली करून, गळाचे टोक वर ठेवून चालते आणि गोट्यांत कमी अडकते. डोळ्यांसाठी ओळखपत्राच्या मण्यांच्या साखळीतले दोन-दोन मणी कापून वापरले. खोल धारेसाठी शिशाचे डोळे वेगळे. हरणाच्या शेपटीच्या केसांऐवजी बकरीचे केस चालले. रंग शेवाळी-पांढरा आणि तांबूस-तपकिरी, लांबी सहा ते आठ सेंटिमीटर. नितळ पाण्यात भडक रंग माशाला बुजवतात. शिवाय वुली बगर प्रकारच्या काळ्या फ्लाय, कोंबड्याच्या मानेची पिसे गुंडाळलेल्या.

सराव मैदानावर, गळ कापलेल्या जड फ्लायने केला. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीवर सराव करणे मोहाचे असते, पण तिथे मागून माणसे चालत असतात आणि एक किलकिल्या डोळ्याचा पोरगा हमखास जवळ येऊन उभा राहतो. डोळ्यांवर ध्रुवीकृत काचांचा चष्मा मैदानावरही सक्तीचा ठेवला. तो पाण्यातला मासा दाखवतो हे खरे, पण शिशाचे डोळे असलेल्या फ्लायपासून माणसाचे डोळे वाचवतो हे त्याहून मोठे काम आहे.

बाकी सामान थोडके : रबरी जाळीची झोळी, पकड, पाण्याचे तापमान पाहायला थर्मामीटर, शेवाळलेल्या गोट्यांवर न घसरणारे बूट, पाण्यात चालताना टेकायला एक काठी. मार्चअखेरीस रामगंगेत वेडर्स (पाण्यात उभे राहायचे जलरोधक विजारबूट) लागत नाहीत.

मार्च

पाच दिवसांचा परवाना होता. पहिले दोन दिवस तरंगत्या लाइनवर गेले. पंचेचाळीस आणि पन्नास सेंटिमीटरचे दोन मासे आले आणि दोन्ही वेळा सामानाची काही कसोटी लागली नाही. पाणी खाली गेले होते, दुपारी मोठे मासे डोहांच्या तळाशी, खडकांच्या सावलीत उभे राहत. चष्म्यातून ते दिसत होते, आणि आमची फ्लाय त्यांच्या डोक्यावरून हातभर उंचीने निघून जात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने मला न विचारता चाक बदलले आणि बुडत्या टोकाची लाइन चढवली. डोहाच्या तोंडाशी, धार खोल पाण्यात उतरते तिथे त्याने फ्लाय पलीकडे टाकली, मनात दहा आकडे मोजेपर्यंत बुडू दिली आणि मग ओढू लागला. चौथ्या ओढीला लाइन थांबली. पुढचे सगळे गच्चीवर घोटलेले होते. त्याने काठी उभी केली नाही. रील एका सुरात वाजत राहिले, लाइन संपून पांढरे बॅकिंग कड्यांतून बाहेर पडू लागले, आणि नखरंगाच्या ठिपक्याकडे त्याचा हात एकदाही गेला नाही. मासा डोहाच्या शेपटीपर्यंत गेला आणि धारेच्या तोंडाशी थांबला. तेव्हा भाचा काठावरून खाली चालत त्याच्या बरोबरीला आला आणि काठी बाजूला आडवी झुकवून त्याने माशाचे डोके वळवले. मी घड्याळ लावले होते : झोळीत येईपर्यंत आठ मिनिटे.

मासा बहात्तर सेंटिमीटरचा भरला. मापपट्टी पाण्यातच, झोळीच्या कडेला धरून. पाठ शेवाळी, बाजूंचे खवले रुपयाच्या नाण्याएवढे आणि कडेला सोनेरी, पर नारिंगी. गळ वरच्या ओठाच्या कोपऱ्यात होता. काटा नसल्याने पकडीच्या एका हालचालीत निघाला. प्रवाहाकडे तोंड करून त्याला दोन्ही हातांनी सैल धरले. पाण्याचे तापमान 19 अंश होते. मिनिटभराने शेपटीने हात झटकून तो निघून गेला.

चौथ्या दिवशी याहून मोठा मासा लागला आणि सुटला. तो डोहात खाली न जाता एका बुडालेल्या शिळेभोवती गेला, लाइन घासल्याची खरखर काठीच्या मुठीपर्यंत जाणवली आणि लीडर सुटला. परत आलेले टोक पांढरे, पिंजलेले होते आणि त्यामागचा वीतभर दोर नखाला खडबडीत लागत होता. गळ उघडला नव्हता, गाठ सुटली नव्हती, ब्रेकने झटका दिला नव्हता. साखळी जिथे तुटावी असे आम्ही ठरवले होते तिथेच ती तुटली. पण एका मोठ्या माशाच्या ओठात आमची फ्लाय राहिली, याचे समाधान मानता येत नाही. त्या सकाळी दोन मासे झाल्यावर लीडरचा शेवटचा तुकडा बोटांतून फिरवून तपासायला हवा होता. तो तपासला गेला नाही.

पुढच्या ऑक्टोबरासाठी शेवटचा तुकडा 25 पौंडी करायचे ठरले आहे, म्हणजे सुमारे 11.3 किलोचा आणि थोडा जाड. ब्रेक 2 किलोवरच राहील. लीडर वाढला म्हणजे गळाची परीक्षा पुन्हा घेणे आले, म्हणून एप्रिलच्या पहिल्या रविवारी ऊन चढण्याआधी व्हाइस आणि काटा पुन्हा गच्चीवर नेला. 1/0 गळाने अकरा किलो सोसले. 2 नंबरचा गळ दहा किलोंच्या आत उघडला. 2 नंबरच्या चौदा फ्लाय भाच्याने डबीतून काढून वेगळ्या डबीत ठेवल्या. त्या रामगंगेला जाणार नाहीत.